शैलाताईंनी विचारलेला तो प्रश्न

"तुले मरून जावंसं वाटते का रे?"

माझ्या पंधरा वर्षांच्या मुलाला शैलाताईंनी हे माझ्यासमोर विचारलं होतं.

आज सकाळी शैलाताई गेल्या.

पोस्ट मुलाला विचारूनच लिहितोय. तो म्हणाला, "लिख दो पापा, मेरा नाम भी लिख दो." नाव मी लिहीत नाही. बापाला एवढी तरी अक्कल आली आहे.

तेव्हा तो नववीत होता. शाळेत मारामाऱ्या, घरी दारं आपटणं, आईला उलट उत्तरं. एका पोराचं नाक फोडलं तेव्हा प्रिन्सिपल म्हणाले, आधी शैलाताईंकडून स्क्रीनिंग, म्हणजे मनाची तपासणी, करून आणा, मग बघू.

मला वाटलं, पोराला वेडा ठरवून काढून टाकायचा डाव आहे. गोल बाजारातलं भांड्यांचं दुकान बंद करून, मुलाला आणि बायकोला घेऊन, तणतणतच बूढ़ापारा मोहल्ल्यात ताईंच्या घरी गेलो. मुलांचं समुपदेशन त्या घरीच करायच्या.

"पोट्टा पागल नाही आहे आमचा, मॅडम."

"मी कुठी म्हटलं? ताप आला का थर्मामीटर लावता नं? तसंच आहे हे. रोगाचं नाव नाही सांगत मी. कुठी पाहायचं, तेवढं सांगते. बसा, चहा घ्या."

त्यांनी आम्हा तिघांना वेगवेगळं बसवून तेच प्रश्न विचारले. झोप, भूक, राग, मित्र, भीती.

मी रागाबद्दल भरभरून बोललो. बायको म्हणाली, जेवत नाही. मुलगा आत ताईंजवळ बराच वेळ होता.

मग ताईंनी मला आत बोलावलं. म्हणाल्या, "याच्या मनातलं मी नाही सांगणार. तो सांगते म्हणते. तुम्ही फक्त ऐका."

आणि तो प्रश्न विचारला.

मी खुर्चीतून उठलोच. "काहून विचारता असं? नाही ते डोक्यात येईल त्याच्या."

"विचारल्यानं येत नाही, भैया. आलेलं असन, तर बाहेर निघते. बसा."

मुलगा जमिनीकडे बघत म्हणाला, "हाँ. बहुत दिन से."

मी बसलो.

आम्ही सगळे त्याचा राग बघत होतो. शाळा बघत होती, शेजारी बघत होते. रागाच्या खाली काय आहे, ते बघायचं कुणाला सुचलंच नाही.

ताई घाबरल्या नाहीत. "बरं केलं सांगितलं," एवढंच त्याला म्हणाल्या. त्याच दिवशी आमच्यासोबत रिक्षात बसून डॉक्टरकडे आल्या. प्रिन्सिपलशी भांडल्या, त्याचं वर्ष वाचवलं.

मला काम दिलं: रोज त्याच्याजवळ बसायचं आणि उपदेश करायचा नाही. दिवसभर गिऱ्हाइकांशी बोलणाऱ्या माणसाला ही शिक्षाच होती. पहिले काही दिवस आम्ही दोघं नुसते भिंतीकडे बघत चहा प्यायलो.

मग एकदा तोच बोलायला लागला.

सोपं नव्हतं. औषधं होती, मागे घसरणं होतं, बायकोचं रडणं होतं. मधेच ताईंचा फोन यायचा, "आज जेवला का? आणि तुम्ही जेवले का?" आम्हाला हे दुसऱ्या कुणी विचारलं नव्हतं.

ताई, तुमचे आभार मानायला मी कित्येकदा मिठाई घेऊन आलो. तुम्ही दरवेळी डबा उघडून अर्धी मिठाई बाहेर बसलेल्या पोरांना वाटलीत आणि विषय बदललात. आज तुम्हाला मला थांबवता येणार नाही, म्हणून सांगतो. माझं घर तुमच्यामुळे उभं आहे.

आज तुमच्या गल्लीत तुमची कितीतरी पोरं आली होती. कुणी नोकरीवाला, कुणी ऑटोवाला, एक पोट्टी कडेवर बाळ घेऊन.

तिरडी उचलायची वेळ आली तेव्हा माझा मुलगा पुढे झाला. आता तो माझ्याहून उंच आहे. मुक्तिधामपर्यंत त्याने खांदा बदलू दिला नाही.

मी मागून चालत होतो, आणि तुम्हाला कमी आणि त्यालाच जास्त बघत होतो. तो आहे, चालतो आहे, एवढंच बघत होतो.

शांत झोपा, ताई. पोरगा जेवला आहे.