दहा दिवसांनी या

ते प्रकरण निवृत्तीनंतरही माझी पाठ सोडत नाही, कारण त्यात पहिली चूक माझी होती.

मी तेव्हा बेंगळुरूत लाचलुचपत प्रतिबंधाच्या कामावर होतो. व्हाइटफील्डला आयटीतल्या मुलांसाठी मेस चालवणाऱ्या एक अक्का तक्रार घेऊन आल्या. मूळच्या आमच्या निपाणीकडच्या. परवान्यासाठी एका कार्यालयातल्या कारकुनाने एजंटमार्फत पैसे उकळले होते आणि परवाना दिलाच नव्हता. तारीख पाहून मी कपाळाला हात लावला. नाइलाजाने लाच दिली तर सात दिवसांत कळवायचे, नाहीतर देणाराही आरोपी, असा कायदा. अक्का अकराव्या दिवशी आल्या होत्या.

“इतके दिवस काय करत होता?” मी खेकसलो.

“एजंटनं दहा दिवसांनी या म्हटलं, साहेब. मग वाट बघायची की. काम होणार म्हटल्यावर आधीच कशाला भांडायचं?”

उत्तर मला झोंबले. मी रायटरला, म्हणजे आमच्या लेखनिक हवालदाराला, आवक नोंदवही काढायला लावली. त्याच कार्यालयाविरुद्ध आधी चौघे आले होते, चौघेही दहा दिवस उलटल्यावर. ‘तुम्हीच अडकाल’ असे सांगून मीच त्यांना परत पाठवले होते.

एजंटला चौकशीला बोलावले. तो मलाच कलमे ऐकवू लागला. खोटे बोलणाऱ्याकडे पैशांबद्दलची उत्तरे तयार असतात, सवयीबद्दल विचारले की तो गडबडतो. मी एवढेच विचारले, “सगळ्यांना दहाच दिवस का?”

कलमे सोडून तो आवाज खाली आणत म्हणाला, “सर, स्वल्प, थोडं समजून घ्या. सात दिवस गेले की माणूस तक्रार करायला घाबरतो. कारकुनानंच शिकवलंय.”

एजंटच्या फोनमध्ये त्याचे आणि कारकुनाचे निरोप सापडले, दोघांना अटक झाली. पण अक्कांवरची टांगती तलवार तशीच होती. त्यांना आरोपी करायचे की साक्षीदार, यावर सरकारी वकिलांचे मत यायचे होते.

त्याच सुमारास कायद्यातील दुरुस्तीच्या मसुद्यावर संबंधितांची मते मागवली होती. बैठकीच्या यादीत बिल्डर, उद्योजक, वकील, आम्ही अधिकारी. लाच द्यावी लागलेला माणूस एकही नाही. मी अक्कांना बैठकीला येता का, असे विचारले.

“तिथं बोलायचं आणि तेच माझ्यावर उलटलं तर?”

“उलटणार नाही, असं मी सांगू शकत नाही,” मी खरे ते सांगितले. त्या तरीही आल्या.

बैठकीत त्या कन्नडमध्ये बोलल्या, ‘दहा दिवसांनी या’ची हकीकत सांगितली. मसुदा लिहिणाऱ्या अधिकाऱ्याने विचारले, “मग सात दिवस कधीपासून मोजायचे?”

“फसवलं हे कळतं त्या दिवसापासून.”

त्याने ते तिथेच लिहून घेतले. मला लाज वाटली. लाच खाणाऱ्याने कायदा माझ्यापेक्षा बारकाईने वाचला होता, आणि ज्यांच्यासाठी तो केला त्यांना आम्ही कधी विचारलेच नव्हते.

पुढे वकिलांचे मत आले: साक्षीदार. ते सांगायला मी स्वतः मेसवर गेलो. अक्का पदर डोळ्यांना लावून मनसोक्त रडल्या. मग म्हणाल्या, “माझं झालं. पण ते वाक्य मसुद्यात राहिलं का?”

राहिले होते.