शंभरातले पाच

बहारीनला टॅक्स नाही, हे रहिमतुल्ला सुट्टीवर गावी गेला की मशिदीच्या ओट्यावर बसून मोठ्या ऐटीत सांगायचा. कमवाल ते सगळं आपलं! दापोलीकडच्या त्या खाडीकाठच्या गावात ज्यांच्याकडे उभ्या जन्मात कुणी टॅक्स मागितला नव्हता, तेसुद्धा तोंडात बोट घालून ऐकायचे. त्याचं बोलणं खोटं नव्हतं. तिथल्या सरकारने त्याच्या कमाईला कधी हात लावला नाही. त्याला बुडवलं ते त्याने स्वतः होऊन, बिस्मिल्ला म्हणून, हसतमुखाने कबूल केलेल्या हिश्श्याने.

आधी तो अस्करला एका कंत्राटदाराच्या कॅम्पात राहायचा. ॲल्युमिनियमचा कारखाना जवळच, त्यामुळे खिडकीची काच पुसली तरी दुसऱ्या दिवशी करडीच. गोदामातलं काम, पत्र्याची खोली, माणसावर माणूस झोपवणारे लोखंडी पलंग. लग्न झालं तरी जमीला दिसायची ती दोन वर्षांतून एकदा. अशाच एका सुट्टीत त्याची स्वतःची मुलगी, हुदा, दारात त्याला बघून आत पळाली आणि आईला म्हणाली, "कोण चाचा आलाय." सगळे हसले, तोही हसला. पण ते त्याच्या काळजात रुतून बसलं. काय वाटेल ते करून दुकान काढायचं आणि दोघींना बहारीनला आणायचं, हे त्याने परतीच्या विमानातच ठरवून टाकलं.

दुकानाचं लायसन परक्या माणसाच्या नावावर मिळत नसे. शहरातल्या झिंज भागात एक गाळा होता, त्याचा मालक बू जासिम. गोल चेहऱ्याचा, गोडबोल्या, मुंबईला चार वेळा जाऊन आलेला, त्यामुळे हिंदी बोलणारा. गाळा त्याचा, नाव त्याचं, फ्रीज त्याचे, पहिला मालही त्याच्याच पैशांनी भरायचा. बदल्यात दर महिन्याला ठरलेले दीनार. बाकी उरेल ते रहिमतुल्लाचं.

आता एखाद्याने मुकाट्याने हो म्हटलं असतं. पण रहिमतुल्ला पडला पापभीरू. व्याजाचा पैसा ज्या घरात येतो त्या घरचं पाणी पिऊ नये, असं वडिलांनी बजावून ठेवलेलं. तो हात जोडून म्हणाला, "नहीं बाबा. पैसा तुम्हारा और हर महीने बँधा हुआ आकडा, ये तो ब्याज हो गया. तुम हिस्सा लो."

बू जासिमला गंमत वाटली. "हिस्सा? ठीक. लेकिन प्रॉफिट तुम्हारे दिल में रहता, मेरे को दिखता मफी, बिलकुल नहीं. सेल दिखता. सौ का सेल, पाँच मेरा. खलास."

शंभरातले पाचच! रहिमतुल्लाला हायसं वाटलं. पाच म्हणजे काय, तोंडाला लावायलाही पुरायचे नाहीत. त्याने दोन्ही हातांनी हात मिळवला आणि संध्याकाळी मशिदीत जाऊन अल्लाचे आभार म्हणून दोन रकात नमाज जास्तीची पढली. हिस्सा नफ्यातला वेगळा आणि विक्रीतला वेगळा, हे त्याच्या ध्यानातही आलं नाही. व्याज टळलं ना, मग जिंकलं, एवढाच त्याचा हिशेब.

सुरुवातीची वर्षं खरोखर सुखाची गेली. तांदूळ, मसाले, दूध, पाव; शंभराच्या मालावर पंधरा सुटायचे, कधी अठरा. त्यातले पाच गेले तर गेले. जमीला आली, हुदा आली. मागच्या गल्लीत दोन खोल्यांचा फ्लॅट भाड्याने घेतला. दुपारी दुकान बंद करून तो घरी जेवायला जायचा, आणि गरम भाकरी ताटात पडली की उगाचच थोडा वेळ तिच्याकडे बघत बसायचा. हुदा इंग्लिश शाळेत जायला लागली. तो कोकणीत विचारायचा, ती इंग्लिशमध्ये उत्तर द्यायची, आणि त्याचाही त्याला अभिमानच. पोरगी आता त्याला चाचा म्हणत नव्हती, अब्बा म्हणत होती.

मग सीफला तो भलामोठा मॉल झाला. गाडीवाली कुटुंबं महिन्याचं सामान तिकडून भरायला लागली. रहिमतुल्लाने भाव उतरवले, पुन्हा उतरवले, पंधराचे सात कधी झाले ते कळलंही नाही. टिकून राहिले ते फक्त मजूर, आणि त्यांना हवी असायची टेलिफोन कार्डं. शुक्रवारची सुट्टी, म्हणून गुरुवारी संध्याकाळी कॅम्पातून पिकअप भरभरून माणसं यायची. कुणाला कोट्टायमला बोलायचं असे, कुणाला सियालकोटला. कार्डाची किंमत त्यावरच छापलेली, शंभरामागे सुटायचे तीन. आणि बू जासिमचे पाच.

हे गणित चौथीतल्या पोरालाही सुटलं असतं. पण समोर रांग लागलेली असली की माणूस गणित करत नाही, सुट्टे पैसे शोधतो. दुकानात पाय ठेवायला जागा नाही, गल्ला भरून वाहतोय, आणि महिनाअखेरीस दूधवाल्याला द्यायला पैसे नाहीत. रहिमतुल्लाला वाटलं, विक्री कमी पडते.

"गर्दी बगतेस ना?" तो जमीलाला म्हणाला. "कार्डा संपली म्हनून गिराईक परत जाताय. थोडा जास्ती माल घेतला की सुटलो बग."

जमीलाने त्याच्याकडे नीट बघितलं. मग हाताला साबण लावून बांगड्या उतरवल्या. "या काय, परत होतील," ती म्हणाली. तो मोडीचा सगळा पैसा त्याने कार्डांत घातला. म्हणजे होडीच्या ज्या भोकातून पाणी आत येत होतं, तेच त्याने मोठं केलं.

शेजारच्या इमारतीत राजन राहायचा, पुण्याचा, एका बँकेत अकाउंटंट. पाव घ्यायला आला की दोन शब्द बोलायचा. एकदा म्हणाला, "रहिमतभाई, एवढी गर्दी, आणि चेहरा असा का?" रहिमतुल्लाने सगळं सांगितलं. राजनने पाव काउंटरवर ठेवला.

"अहो, म्हणजे प्रत्येक कार्डामागे तुम्ही पदरचे घालताय! त्यापेक्षा दारात उभं राहून पैसे वाटा, निदान पुण्य तरी लागेल." मग त्याचाच आवाज खाली आला. "टॅक्स नाही म्हणता ना इथे? हा टॅक्सच झाला की. नफ्यावरचा असता तर नफा नाही त्या वर्षी सुटला असतात. हा विक्रीवर आहे. बुडतानासुद्धा भरावा लागतो."

रहिमतुल्ला तांदळाच्या पोत्यावर खाली बसला. जमीलाच्या बांगड्या कुठे गेल्या, हे त्याला त्या क्षणी कळलं.

त्याने कार्डं बंद करून बघितली. मजूर दारावरून पुढे निघून गेले, आणि त्यांच्याबरोबर त्यांचे कांदे, अंडी, ताकाच्या बाटल्याही गेल्या. पुन्हा कार्डं ठेवावी लागली. शेवटी मनाचा हिय्या करून तो बू जासिमच्या मजलिसमध्ये, त्याच्या बैठकीच्या दालनात, गेला. गहवा, म्हणजे त्यांची बिनदुधाची कॉफी, आली, खजूर आले. रहिमतुल्ला खाली मान घालून म्हणाला, "बाबा, सेल पे मत लो. प्रॉफिट पे लो. जो बोलोगे."

"मैं क्या बोला था? फिक्स. तुम बोला हराम." बू जासिमच्या आवाजात जराही राग नव्हता. "अब सेल तो बढ़ता, माशाल्ला. रोना क्यों?" निघताना त्याने हुदासाठी खजुरांचा डबा हातात कोंबला. दुष्ट असता तर त्याच्याशी भांडता तरी आलं असतं.

घरी जमीलाने सगळं ऐकून घेतलं. बांगड्यांचं नावही काढलं नाही. फक्त म्हणाली, "मना परत धाडू नका. मी भाकरी भाजून इकीन, कायपन करीन. तिकडं एकटीनं मना आता ऱ्हावायचा नाय." दोन महिन्यांचं भाडं थकलं होतं, आणि दोघांनाही ते ठाऊक होतं.

दुकान बंद करायचं ठरलं. उरलेला माल निम्म्या भावात काढला. आणि काय सांगावं, झिंजमधली सगळी माणसं लोटली! मॉलला गेलेली कुटुंबंसुद्धा पिशव्या घेऊन परत आली. दुकान काढल्यापासून तेवढी विक्री कधी झाली नव्हती. बू जासिम गर्दीतून वाट काढत आत आला, डोळे विस्फारून म्हणाला, "वल्ला रहिमत, इतना सेल! ऐसा दुकान कोई बंद करता?" आणि शंभरातले पाच मोजून घेऊन गेला. तिकिटांना कमी पडले ते राजनने घातले.

विमानतळावर हुदा म्हणाली, "अब्बा, यू आर कमिंग, नो?" तो म्हणाला, "इंशाल्ला." जमीला वळून बघितल्याशिवाय आत गेली. बघितलं असतं तर तिचा पाय निघाला नसता.

रहिमतुल्ला पुन्हा अस्करला आला. तोच कारखाना, तशीच करडी काच. कॅम्पाबाहेर एका मलबारी पोराने नवं दुकान टाकलं होतं. गुरुवारी रांगेत उभं राहून रहिमतुल्ला तिथे गावी बोलायला कार्ड घ्यायचा, पण नुसतं कार्ड मागायला त्याची जीभच वळायची नाही. बरोबर एक साबण घ्यायचा; साबणावर तरी दुकानदाराला चार पैसे सुटतात. पलंगाखाली साबणांची खोकी भरली. खोलीतले त्याला हसायचे, की म्हाताऱ्याला न्हाण्याचं वेड लागलंय.

एका गुरुवारी त्या पोराने कार्ड देता देता रांगेकडे हात केला. चेहरा आनंदाने नुसता फुलला होता. "देखो भाई, कितना भीड़! अरबी को सेल में हिस्सा देता, ब्याज का झंझट नहीं. अगले महीने फैमिली को लाता."

रहिमतुल्लाने बोलायला तोंड उघडलं. मागून कुणीतरी "यल्ला, यल्ला" करत ढकललं. पोरगा हसत पुढच्याचे पैसे घ्यायला वळलासुद्धा. रहिमतुल्लाने फळीवरचा आणखी एक साबण उचलला, त्याचे पैसे काउंटरवर ठेवले, आणि जमीलाला फोन लावायला गेला.