पुठ्ठ्याआडचं गाणं

शिवणबाईंबद्दल कुणी काही विचारलं, की ऑपरेटरकाका आधी हात वर करत. "मला विचारू नका बाबा. माझी त्यांची ओळख जिन्यापुरती." आणि यात खोटं काही नव्हतं. एका इमारतीत, एका जिन्यावर दोघांनी इतकी वर्षं काढली. पण बाई मूळच्या कुठल्या, नवरा होता की नव्हता, त्यांच्याकडे कधी कुणी पाहुणा का येत नाही, यातलं काकांना काहीही ठाऊक नव्हतं.

बाई वरच्या मजल्यावर एका खोलीत राहत. शाळेचे गणवेश, पडदे, उशांचे अभ्रे शिवत. शिवणयंत्राची घरघर काकांच्या छतातून खाली झिरपत असे. काकांची सूनबाई एकदा मापाचा ब्लाउज द्यायला वर गेली आणि खोली डोळ्यांनी झाडून आली.

"बाबा, भिंतीवर एक फोटो नाही. नवऱ्याचा नाही, आईबापांचा नाही. माणसाच्या घरात एक तरी फोटो असतो की नाही?"

"नसेल हौस," काका म्हणाले.

"हौस कसली त्यात? काहीतरी लपवायचं असलं की भिंती अशा कोऱ्या राहतात."

संशयाचा किडा काकांच्याही डोक्यात वळवळत होता. पण तो भिंतीवरून आलेला नव्हता, पायावरून आला होता.

काकांनी उभं आयुष्य सिनेमाच्या थिएटरात काढलेलं. वर केबिनमध्ये मशीन चालवायचं, रिळं चढवायची, उतरवायची. थिएटर पाडून तिथे गाड्या लावायची जागा झाली, तरी त्यांचं नाव ऑपरेटर ते ऑपरेटरच राहिलं. केबिनच्या भिंतीला एक चौकोनी झरोका होता आणि त्यातून दिसेल तेवढंच जग, असा त्यांचा हिशेब.

तरुणपणी त्यांच्या थिएटरात एक हिंदी सिनेमा लागला होता. त्यात क्लबातलं एक गाणं. भला मोठा जिना, त्यावरून चकचकीत झगे घातलेल्या मुली ओळीने उतरतात आणि मग खाली नाच सुरू होतो. पहिल्या आठवड्यात थिएटर फुटायला आलं. काकांना मात्र ते गाणं दिसलंच नाही. ते रिळाच्या शेवटी होतं आणि त्या वेळी काका दुसऱ्या मशीनवर पुढचं रीळ चढवण्याच्या गडबडीत असत. म्हटलं, बघू पुढच्या आठवड्यात निवांत.

पुढच्या आठवड्यात चार प्रतिष्ठित माणसं थिएटरच्या मालकाकडे आली. घरच्या बायकामुली सिनेमाला येतात, हे असले उघडेवाघडे नाच चालायचे नाहीत. मालक पक्का व्यवहारी. गाणं कापलं तर रिळं देणारा अंगावर येणार आणि ठेवलं तर ही मंडळी. त्याने केबिनमध्ये येऊन काकांना सांगितलं, "मुली जिना उतरायला लागल्या, की भिंगापुढे पुठ्ठा धर. आवाज चालू दे. नाच संपला की पुठ्ठा काढ."

झालं. पुढचं रीळ आधीच चढवून ठेवायचं आणि पुठ्ठा घेऊन उभं राहायचं. खाली पडदा काळा, गाणं जोरात आणि पब्लिक अंधारात शिट्ट्या मारतंय. पुठ्ठ्यावर पाहावं तर नुसते रंग सांडलेले, लाल, पिवळे, एकमेकांत कालवलेले. त्यात माणूस शोधूनही सापडत नसे.

पुठ्ठा नेमका कधी धरायचा, याची काकांनी एक खूण धरली होती. ओळीतल्या सगळ्या मुली उजवा पाय आधी खाली टाकत. डाव्या टोकाची एक मात्र डावा टाके. आणि टाकण्याआधी तिची टाच किंचित झटके, चिखल झटकावा तशी. नाच बसवणाऱ्याच्या नजरेतून ती चूक कशी निसटली, देव जाणे. ते डावं पाऊल पायरीला लागलं, की काकांचा पुठ्ठा पुढे. सिनेमा उतरेपर्यंत दर खेळाला हेच. तिचा चेहरा कसा होता म्हणाल, तर तेवढी उसंतच नव्हती. सगळा जीव त्या पावलावर.

आणि मग इतक्या वर्षांनी, शिवणबाई राहायला आल्या त्याच आठवड्यात, काका जिन्याच्या वळणावर चहा पीत उभे होते. बाई कपड्यांचं गाठोडं काखेत मारून वरून उतरल्या. वळणाशी येताना त्यांची डावी टाच झटकली आणि डावा पाय आधी खाली आला. काकांचा उजवा हात आपोआप वर गेला. हातात पुठ्ठा नव्हता, कप होता. सगळा चहा सदऱ्यावर.

"भाजलं का हो?" बाईंनी विचारलं.

"नाही नाही. शेवटची पायरी जरा उंच आहे, सांभाळून," काका काहीतरी बोलायचं म्हणून बोलले.

तेव्हापासून काकांनी वळणावर खुर्चीच टाकली. वारा येतो म्हणून, असं घरात सांगितलं. बाई उतरताना ते पावलं बघत. कधी डावा पाय आधी पडे, कधी उजवा. हातात ओझं असलं तर तो पुरावा धरायचा की नाही, हाही प्रश्नच. काका स्वतःलाच समजावत, अरे वेड्या, डावा पाय आधी टाकणाऱ्या बायका जगात काय कमी आहेत? दुसऱ्या दिवशी पुन्हा खुर्चीत.

शेवटी सूनबाईने ताटावरच विषय काढला. "बाबा, रागावू नका, पण तुम्ही बाईंच्या पायांकडे टक लावून बघत असता. समोरच्या म्हणत होत्या."

काकांना ठसका लागला. "मी? पायांकडे? अगं, मी जिन्याकडे बघत असतो."

"जिना काय पळून जाणारेय?"

खरं सांगावं तर बाईंवर बालंट आणि न सांगावं तर आपल्यावर.

अशातच नातीच्या शाळेचं संमेलन आलं. घरात तिला सगळे भिंगरी म्हणत. एका जागी उभी राहील तर शपथ. शाळेतून येऊन तिने फोनवर गाणं लावलं आणि काका खुर्चीत ताठ झाले. तेच गाणं. ढोल वाढवलेला, चाल पळवलेली, पण तेच.

"हे गाणं? शाळेत?"

"मग काय! आमच्या वर्गाच्या बाईंनीच निवडलंय. मुख्याध्यापक पण शेवटी स्टेजवर येणारेत."

"आणि जुनं, खरं गाणं पण आहे हं फोनवर," सूनबाई कौतुकाने म्हणाली. "किती ग्रेसफुल नाचायच्या पूर्वी!"

काकांनी तिच्याकडे पाहिलं. ज्या नाचापुढे आपण हात अवघडेपर्यंत पुठ्ठा धरला, तो नाच आता चांगल्या घरची पोर मुख्याध्यापकांसमोर करणार होती आणि तिची आई वर झगाही शिवून घेणार होती. झगा अर्थातच शिवणबाईंकडे.

बाई माप घ्यायला खाली आल्या. भिंगरी पाटावर उभी, बाई गुडघ्यांवर बसून घेराला टाचण्या लावतायत, टाचण्या ओठांत धरलेल्या. भिंगरीने फोन उंच धरून जुनं गाणं लावलं.

"आजोबा, बघा ना. ह्या टोकाच्या बाईचं चुकलंय. सगळ्यांचा उजवा, हिचा डावा. कसली वेंधळी!"

काकांनी चष्मा चढवला. एवढ्याशा काचेवर, बोटाएवढ्या मुली जिना उतरत होत्या. ते पाऊल आलं. हात शिवशिवला. पण या खेपेला पुठ्ठा नव्हता आणि गाणं पुढे चाललं. मुलींनी गिरक्या घेतल्या, झगे फुलले, हात वर गेले, खाली आले. संपलं.

"एवढंच?" काका म्हणाले.

"म्हणजे?" सूनबाईने विचारलं.

"नाही, मला वाटलं..." काकांना काय वाटलं होतं, ते सुनेला सांगण्यासारखं नव्हतं. त्यांची नजर बाईंकडे गेली. बाई त्यांच्याकडेच बघत होत्या. तोंडात टाचण्या, म्हणून बोलता येत नव्हतं. की बोलायचं नव्हतं म्हणून टाचण्या अजून तोंडात होत्या? काका मनात म्हणाले, झालं, हिला कळलं की मला कळलंय. लगेच दुसरं मन म्हणालं, कशावरून?

बाईंनी एकेक टाचणी लावून संपवली. मग उठल्या. "पोरी, टाच जमिनीवर आपटू नकोस. वजन मागच्या पायावर ठेव, मग पाऊल आपोआप हलकं पडतं. हे बघ." आणि जागच्या जागी एक पाऊल टाकून दाखवलं. उजवं. साडी हललीसुद्धा नाही, पण पाऊल असं पडलं की भिंगरी तोंड उघडं टाकून बघत राहिली.

"बाई, तुम्ही शिकलात कुठे हो?" सूनबाईने विचारलं.

"शिवताना पायच तर हलवते दिवसभर," बाई म्हणाल्या आणि कापड गुंडाळून निघून गेल्या.

त्या दिवसापासून बाई काकांना चुकवू लागल्या. काका खुर्चीत असले, की वरचं दार उघडे, थोडं थांबे आणि पुन्हा लागे. काका आत गेले, की जिन्यावर पावलं. काका दाराआडून ऐकत. आपण आत जायची वाट बघणारी बाई आणि दाराआड कान देणारे आपण. काकांना स्वतःचीच लाज वाटली, पण कान काही हटेना.

सूनबाईने मात्र त्या पावलाचं कौतुक अख्ख्या इमारतीला ऐकवलं. मनात काळंबेरं काही नाही, पण या तोंडातून त्या तोंडात जाता जाता बाई त्या गाण्यातल्याच झाल्या. त्यात तळमजल्यावर घरमालक राहत होते आणि त्यांचं नाक लांब. एका सकाळी ते स्वतः वळणापर्यंत चढून आले. काका खुर्चीतून उठायला लागले.

"बसा काका, बसा. एक विचारायचं होतं. तुम्ही सिनेमातले जुने."

"सिनेमातला कसला, सिनेमामागचा."

"तेच ते. ही वरची बाई पूर्वी सिनेमात नाचायची म्हणे. त्या तुमच्या नातीच्या गाण्यात आहे, असं माझ्या कानावर आलंय. तुम्ही ते चालवलंय. एवढंच सांगा, ही त्यात होती का?"

"असली तर?"

"असली तर खोली रिकामी करायला सांगणार. खोली देताना मी विचारलं होतं, आधी काय करत होता. म्हणाली, शिवण. मला खोटं चालत नाही. आणि आपली इमारत घरंदाज माणसांची."

"पण तुमची धाकटी सूनसुद्धा फोनसमोर नाचते ना? भिंगरी दाखवत होती. छान नाचते."

"ती घरातली आहे!" मालक उखडले. "हौसेने नाचते. पोटासाठी नाचणं वेगळं."

वेगळं ते कसं, हे विचारायची काकांची छाती झाली नाही. वरच्या जिन्यात काहीतरी सरकल्यासारखं वाटलं. गाठोडं कठड्याला घासल्यासारखं. मालकांना ऐकू आलं नाही. काकांना आलं. बाई वर उभ्या होत्या, किंवा काकांना तसं वाटलं. एक 'हो' म्हटलं असतं तर त्या बाईचं यंत्र, कात्री, इस्त्री सगळं संध्याकाळपर्यंत रस्त्यावर. आणि काकांची इतक्या दिवसांची खात्री? खात्री तरी कुठे होती!

"मालक, मी ते गाणं चालवलं, पण पाहिलं नाही."

"ऑपरेटर होतात आणि गाणं पाहिलं नाही? मला काय दूधखुळा समजता?"

"मी भिंगापुढे पुठ्ठा धरायचो. नाच सुरू झाला की पडदा काळा. कुणी पाहिलंच नाही, तर मी कुठून पाहणार?"

"पुठ्ठा? का?"

"तुमचे वडीलच तर आले होते आमच्या थिएटरच्या मालकाकडे. आणखी तिघांना घेऊन. हे बंद करा म्हणाले."

घरमालकांची मान ताठ झाली. "बघा! असे होते आमचे वडील. सिनेमाचं तोंड बघितलं नाही कधी."

"बघितलं असावं. तिसऱ्यांदा सिनेमा बघून उतरले, ते थेट थिएटरच्या मालकाच्या खोलीत."

हा म्हातारा भोळा आहे की बेरकी, हे घरमालकांना ठरवता येईना. मग "ठीक आहे, ठीक आहे" असं पुटपुटत ते खाली गेले. बाईंच्या खोलीचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही.

थोड्या वेळाने वरून पावलं आली. बाई गाठोडं घेऊन उतरत होत्या. या वेळी थांबल्या नाहीत, दार लावून घेतलं नाही. वळणाशी आल्या आणि प्रत्येक पायरीला उजवा पाय आधी टाकत, नव्याने चालायला शिकलेल्या पोरासारख्या, काकांच्या पुढून गेल्या. काका चक्रावले. ऐकलं होतं म्हणून मुद्दाम उजवा? की नेहमीच उजवा असतो आणि आपणच इतके दिवस डावा बघत होतो?

संमेलन झालं. भिंगरीला टाळ्या पडल्या; उजवा पाय आधी टाकला म्हणून नव्हे, तर ती नाचता नाचता मुख्याध्यापकांना धडकली म्हणून. नंतर एका सकाळी काकांच्या खुर्चीवर उशी आली. झग्याच्या उरलेल्या चकचकीत कापडाची, नीट दुहेरी शिवण घातलेली.

"ही कुणी दिली?" सूनबाईने कमरेवर हात ठेवून विचारलं.

"काय माहीत. होती इथे."

"उशा अशा उगवत नाहीत, बाबा."

आभार म्हणून असेल, की इथे गुमान बसा आणि तोंड मिटून राहा असा निरोप असेल, काकांना शेवटपर्यंत उमगलं नाही. ते उशीवर बसत राहिले. जाता-येता "चहा झाला का?", "झाला" एवढं बोलणं पुन्हा सुरू झालं. त्यापलीकडे त्यांनी विचारलं नाही आणि बाईंनी सांगितलं नाही. कधी वाटे, विचारावं सरळ. मग वाटे, आणि त्या 'नाही' म्हणाल्या तर? किंवा 'हो' म्हणाल्या तर?

पुढे बाईंची नजर अधू झाली. सुईत दोरा ओवायला भिंगरीला हाक मारू लागल्या. मग एक दिवस कुणी भाची त्यांना न्यायला आली. भाची आहे, हेही इमारतीला त्या दिवशीच कळलं. यंत्र आधी खाली गेलं, मग ट्रंक, मग कापडाची गाठोडी. सगळ्यात शेवटी बाई, कठडा धरून.

काका खुर्चीतून उठून उभे राहिले. पायांकडे बघायचं नाही, असं त्यांनी सकाळीच ठरवलं होतं. त्यांनी नजर बाईंच्या चेहऱ्यावर ठेवली. सावळा, बारीक चेहरा. हनुवटीवर एक जुना व्रण. तो व्रण त्यांना त्या दिवशी पहिल्यांदा दिसला.

"शेवटची पायरी जरा उंच आहे, सांभाळून," काका म्हणाले.

"माहितेय हो," बाई म्हणाल्या. "तुम्ही बसा."