पोळ्यापर्यंतचा निरोप

आमच्या नात्यात एक गोष्ट सात वर्षं सांगितली जाते. माझा धाकटा भाऊ खाणीतून निवृत्त झाला, तेव्हा पवनीच्या परकोटाच्या आत आमच्या जुन्या गल्लीत त्याला घर मिळत होतं, पण त्याच्या बायकोने नाक मुरडलं आणि नवऱ्याला भंडाऱ्याच्या हायवेवरच्या फाटकबंद कॉलनीत ओढत नेलं. गोष्ट खोटी आहे. ती पसरत असताना मी हजर होतो, आणि ती खोटी आहे हे माहीत असलेला मी एकटाच होतो. भाऊ आता नाही. माझं वय अठ्ठ्याहत्तर आहे. म्हणून लिहितो.

आम्ही मागावर विणणाऱ्यांच्या घरचे. गल्लीत दोन्ही बाजूंना घरं, आणि मधला रस्ता कुणाच्या मालकीचा नाही, सगळ्यांच्या कामाचा. सकाळी तिथे सुताचा ताणा लांबच लांब ताणून त्याला खळ लावायची आणि उन्हात सुकवायचा. त्यासाठी रस्ता सरळ आणि मोकळा लागतो. म्हणून कुणी आपल्या दाराची पायरी पुढे काढायची नाही, आणि घर विकायचं झालं तर ज्याला हे कळतं अशालाच विकायचं, हा तिथला दंडक. ज्याला घर द्यायचं त्याच्या थोरल्याकडे निरोप जातो, एक मुदत दिली जाते, आणि मुदतीत उत्तर आलं नाही तर नकार समजला जातो. दुसऱ्यांदा विचारणं गल्लीला कमीपणाचं वाटतं.

मी शिकलो, मास्तर झालो, पुढे मुख्याध्यापक झालो, आणि निवृत्तीनंतर गल्लीतलं घर विकून कॉलनीत गेलो. काय पाहून गेलो ते आज सांगताना लाज वाटते. फाटक पाहून गेलो. कॉलनीला किल्ल्यासारखं प्रवेशद्वार आहे. दोन बुरूज, दोन्ही प्लास्टरचे. एका बुरुजात पाण्याची टाकी, दुसऱ्यात चौकीदाराचा गॅस. पवनीला खरा परकोट आहे, त्याच्या सावलीत मी लहानाचा मोठा झालो, आणि म्हातारपणी हा रंगवलेला पाहून मला भारी वाटलं. आत सगळी घरं सारखी. पहिल्या महिन्यात दोनदा मी शेजाऱ्याच्या दाराला किल्ली लावली. गच्चीवर शेवया-सरगुंडे वाळत घालायला बंदी, कारण दर्शनी भाग खराब दिसतो. सकाळी बागेत हास्यक्लब भरतो. वर्षभर एकमेकांशी न बोलणारी माणसं तिथे दहा मिनिटं हात वर करून एकत्र हसतात आणि मग पुन्हा न बोलता घरी जातात. मीही हसायचो.

पाच वर्षांत माझ्याकडे गल्लीतलं कुणी फिरकलं नाही. त्यांचा राग नव्हता, त्यांना इकडे काही कामच नव्हतं. बायको गेल्यावर तर मी चौकीदाराशीच बोलायचो. पण चूक झाली असं म्हणायची माझी तयारी नव्हती. मुख्याध्यापकाची नसते.

त्याच सुमारास भाऊ निवृत्त झाला. तीस वर्षं तो चिखल्याच्या भूमिगत खाणीत होता. नोकरी संपली की कंपनीचं क्वार्टर सोडावं लागतं, म्हणून त्याला घर घ्यायचंच होतं. माझी भावसून, म्हणजे त्याची बायको, विणकराच्याच घरची. तिच्या माहेरी माळ्यावर बापाचा माग सुटा करून ठेवलेला होता. गल्लीत घर घ्यायचं आणि तो माग पुन्हा उभा करायचा, एवढं एकच तिने आयुष्यात मागितलं. तेही मला भावाकडून कळलं, कारण आमच्यात भावसून भासऱ्याशी, म्हणजे नवऱ्याच्या थोरल्या भावाशी, थेट बोलत नाही. डोक्यावर पदर घेऊन ती भिंतीकडे तोंड करते आणि नवऱ्याला म्हणते, "म्हणा त्यायले." चाळीस वर्षांत तिचा एक शब्द सरळ माझ्याकडे आला नव्हता.

गल्लीत आमच्या जुन्या घरासमोर एक वयस्कर विणकर राहायचे. मुलं पुण्याला, हाताला कंप. त्यांनी घर विकायला काढलं होतं. एक दिवस बसने भंडाऱ्याला उतरून ते माझ्याकडे आले. चौकीदाराने त्यांना बराच वेळ बाहेर उभं ठेवलं होतं. पाणी प्यायले आणि म्हणाले, "मास्तर, तुमच्या भावाले सांगजा. घर त्यालेच देतो. पोळ्यापर्यंत वाट पायतो, मंग नाही समजतो."

सांगतो म्हणालो. बस येईपर्यंत त्यांच्यासोबत थांब्यावर उभाही राहिलो.

भावाला मी सांगितलं ते असं. गल्लीत चौकशी केली. लोक तयार नाहीत. तीस वर्षं खाणीच्या वसाहतीत राहिलेले आता आपले कसे, असं म्हणतात. शिवाय परकोटाच्या आत छपराचं साधं कवेलू बदलायचं तरी परवानगी लागते, तिथे पैसा अडकवू नको. दोन्ही गोष्टी मी भात कालवता कालवता रचल्या. मग म्हणालो, माझ्या शेजारचं घर रिकामं आहे, ये पाहायला.

ते दोघं आले. विक्रीचा माणूस टाय लावून आला होता. त्याने जलतरण तलाव दाखवला. त्यात पाणी नव्हतं, पण पाणी आल्यावर तो कसा दिसेल याचं चित्र शेजारी लावलेलं होतं. भावसून दिवाणखान्याची लांबी पावलांनी मोजत होती. तिने नवऱ्याकरवी विचारलं की इथे माग बसेल काय. त्या माणसाला माग म्हणजे काय ते माहीत नव्हतं. समजावल्यावर तो हसला आणि कॉलनीत व्यवसाय चालत नाही, आवाजाची तक्रार होते, असं म्हणाला. तुम्ही आता आराम करा, असंही तिला सांगितलं.

ती भिंतीकडे वळली. माझ्याकडे पाठ होती.

"त्यायले विचारा," ती नवऱ्याला म्हणाली, "गल्लीनं खरंच नाही म्हटलं काय?"

भावाने माझ्याकडे पाहिलं. मी त्याला सांगितलं, "हो. नाही म्हटलं."

ही रीत नसलेल्या घरातली असती तर तिने वळून माझा चेहरा पाहिला असता आणि तिला तिथल्या तिथे कळलं असतं. आमच्या मर्यादेने मला वाचवलं.

पोळा झाला. दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, म्हाताऱ्याने घर नागपूरच्या एका हौशी माणसाला दिलं. या गृहस्थांना जुन्याचं वेड आहे. त्यांनी घरातला खराखुरा माग काढून भंगारात घातला आणि भिंतीवर शोभेचे धोटे टांगले. आता तिथे पाहुणे येऊन राहतात, मातीच्या कपात चहा पितात आणि गल्लीतल्या बायांचे न विचारता फोटो काढतात. पाहुण्यांच्या सोयीसाठी त्यांनी दगडी पायरी रस्त्यात दोन हात पुढे काढली. गल्लीत दोन माग उरले आहेत, त्यांचा ताणा आता वाकडा जातो. जुन्यावर प्रेम करणारे आणि नव्यावर भाळणारे, दोघांनाही मी जवळून पाहिलं. दोघांना दर्शनी भाग तेवढा कळतो.

भाऊ कॉलनीत चार वर्षं राहून वारला. गल्लीतून मातीला चार माणसं आली आणि भावसुनेशी न बोलता गेली. त्यांच्या लेखी तिने त्यांना नाकारलं होतं. तिच्या लेखी त्यांनी तिला. एका लग्नात माझ्याच पंगतीत एक बाई म्हणत होती की तिले गल्लीचा वास येत होता म्हणते, कॉलनीवाली झाली ते. मी वांग्याची भाजी पुन्हा वाढून घेतली.

यंदा उन्हाळ्यात ते वयस्कर विणकर गेले. घर दिल्यावर ते नवरा-बायको गल्लीच्याच टोकाला, तिच्या भावाच्या घरी राहायला गेले होते. दहाव्याला गेलो. त्यांच्या बायकोने मला बाजूला बसवलं आणि पुन्हा एक निरोप दिला. "तुमच्या भावसुनेले सांगजा मास्तर, आमच्या मनात काही नाही. घर लहान होतं, तिले नसंल आवडलं. जाता जाता बुढा तेच म्हणून गेला."

जो गुन्हा तिने केला नव्हता त्याची माफी माझ्या हाती देऊन ती बाई पत्रावळ्या मोजायला उठली. परतीच्या बसमध्ये मला कळलं की हा निरोप दाबला तर तो माझ्यासोबतच जाईल.

दुसऱ्या दिवशी दुपारी भावसुनेकडे गेलो. ती सवयीने भिंतीकडे वळली. मी तिच्या पाठीला सगळं सांगितलं. पहिला निरोप, पोळा, माझं खोटं, आणि कालचा निरोप.

मग ती वळली. डोक्यावरचा पदर तसाच होता, पण डोळे सरळ माझ्यावर.

"काहून केलं?"

"मले इथं एकटं वाटत होतं."

"वाटत तुमाले होतं," ती म्हणाली, "आणि राहिलो आमी." मग चपला शोधत म्हणाली, "चाला. तिथं सांगा. माझ्यासमोर."

पवनीला पोचेपर्यंत ती बसमध्ये माझ्या शेजारी न बसता पुढे बायकांत बसली. गल्लीतल्या देवळाच्या ओट्यावर पाच-सहा जण होते, म्हाताऱ्याची बायकोही. मी उभ्यानेच सांगितलं.

म्हाताऱ्याच्या बायकोने माझ्याकडे पाहिलंच नाही. भावसुनेला विचारलं, "म्हंजे तुले कोणी विचारलंच नाही?"

"नाही."

"मंग आमी दुसऱ्यांदा काहून नाही विचारलं?"

एका विणकराने, जो माझ्याकडे सातवीला होता, तोंडातला खर्रा थुंकला. "मास्तर, आमी खोटं बोललो तं तुमी अंगठे धरायले लावत होते."

दोघं हसले. मी धरलेही असते, पण या वयात वाकलो तर उठवायला त्यांनाच यावं लागलं असतं.

संध्याकाळच्या बसने मी एकटा परतलो. भावसून म्हाताऱ्याच्या बायकोकडेच थांबली आणि पुढच्या महिन्यात तिच्या भावाच्या घराची मागची खोली भाड्याने घेऊन राहिली. कॉलनीतलं घर विकायला काढलंय. इथल्या ग्रुपवर कुणीतरी लिहिलं की त्यांना इथलं राहणीमान झेपलं नाही. मी खाली लिहिलं की त्यांना इथे खोटं बोलून आणलं होतं, आणि आणणारा मी. त्यावर तिघांनी हात जोडल्याचं चित्र पाठवलं आणि चौथ्याने पाण्याच्या वेळा.

तिचा माग उभा राहिला, पण गुडघे साथ देत नाहीत. दिवसाला वीतभरही कापड होत नाही. जे घर तिचं व्हायचं होतं त्याच्या पायरीला वळसा घालून ती पाणी भरते. मी महिन्यातून एकदा जातो. ती आता माझ्याशी थेट बोलते. "या" म्हणते, चहा देते, माझ्या बसची वेळ सांगते. निघताना "पुन्हा या" म्हणत नाही.