कॉडच्या पोटातला पत्ता

जपानच्या ईशान्य किनाऱ्यावरच्या आमच्या ओफुनातो बंदरात इसादा कुठे आलाय हे सगळ्यांत आधी माझ्या सासूबाईंना, किनुयोंना कळतं. इसादा म्हणजे जवळ्याएवढे गुलाबी क्रिल. त्यांच्यावर कॉड मासा जगतो आणि कॉडवर आम्ही. सासूबाई कधी होडीत चढल्या नाहीत. चाळीस वर्षं मासळीबाजारात कॉड चिरतात आणि प्रत्येकाचं पोट बघतात.

मार्चमध्ये बंदरातल्या शिगेहारू नावाच्या तरुण कोळ्याने आपल्या होडीवर मासळी शोधायचं नवं यंत्र बसवलं.

"मावशी, कशाला त्या घाणीत बोटं घालता?" तो म्हणाला. "माझ्या पडद्यावर इसादा उत्तरेला दिसतोय."

सासूबाईंनी चिरलेल्या पोटातला इसादा बोटावर धरला. त्याचे काळे डोळेसुद्धा शाबूत होते. "हा आज सकाळीच गिळलाय. आणि हा कॉड दक्षिणेकडच्या खडकांपाशी सापडलाय. तुला जायचं तिकडे जा."

तो उत्तरेलाच गेला. पडद्यावरचे ठिपके भलत्याच माशांचे निघाले. बाकीच्या होड्या दक्षिणेहून काठोकाठ भरून आल्या.

दुसऱ्या दिवशी शिगेहारूने एक अख्खा कॉड आणून सासूबाईंच्या फळीवर ठेवला. त्यांनी सुरी पुसली आणि त्याच्याच हातात दिली.

"घाल बोटं," त्या म्हणाल्या.