ताहेरुन्निसाबाईंची दुपारची शाळा

ताहेरुन्निसा हळदे या बाईशी वाद घालायचा म्हणजे आपल्याच पायावर धोंडा पाडून घ्यायचा. त्यांच्या नवऱ्याला, उस्मानभाईंना, हे लग्नाच्या दुसऱ्याच आठवड्यात कळलं. दोहातल्या आमच्या शाळेच्या विश्वस्तांना कळायला काही वर्षं लागली. बाई मूळच्या श्रीवर्धनच्या. गणित असं शिकवायच्या की मठ्ठातल्या मठ्ठ पोराचीही भागाकाराची भीती पळायची.

पण एक गोष्ट त्यांना डाचायची. जागा नाही म्हणून कितीतरी मुलं घरी बसलेली! आणि अल थुमामा भागातली शाळेची एवढी मोठी इमारत सकाळची शाळा सुटली की रिकामी.

"भिंतींना एसी लावता आणि पोरांना दार बंद? वा रे वा!" बाईंनी विश्वस्तांना तोंडावर सुनावलं.

मग नमिता टीचर आणि आणखी काही जणींना हाताशी धरून त्यांनी नियमावलीत नवा नियम मांडला. दुपारची शाळा शिक्षकांनीच काढायची, शिक्षकांनीच चालवायची. पुस्तकं, वेळापत्रक, मुख्याध्यापक सगळं त्यांनीच ठरवायचं, आणि निकाल घसरला तर जाबही त्यांनीच द्यायचा. विश्वस्तांनी अट घातली, घरी बसलेल्या मुलांच्या पालकांनी होकार दिला तरच नियम मंजूर.

शुक्रवारी सभा भरली. दुपारची शाळा म्हणजे उरलंसुरलं, असं बहुतेकांच्या मनात होतंच. उम्म सलाल मोहम्मद या गावाहून आलेले विजयकुमार उठले. क्रेन चालवणारा, लातूरकडचा रांगडा माणूस. त्यांचा कैवल्य वर्षभर घरी होता.

"बाई, शाळा लई चांगली होणार म्हणालाव. मग तुमची लेक कुठं शिकती?"

बाईंची सुहाना सकाळच्या शाळेत, नववीला.

नमितानं कोपर मारलं. "तिलाही इकडे आणते म्हणा ना! नाहीतर गेला नियम हातातून."

एक थाप मारली असती की काम फत्ते होतं. पण छे, ते रक्तातच नाही!

"सुहाना सकाळच्या शाळेत आहे आणि तिथंच राहील," त्या ठणकावून म्हणाल्या. "तुम्हाला दाखवायला म्हणून मी पोरीला उचलून आणणार नाही. पण मी स्वतः आलेय. सकाळची नोकरी सोडली मी. ही शाळा बुडाली, तर तुमच्या कैवल्यसारखी मीही घरी बसेन."

मागच्या रांगेत उस्मानभाईंनी कपाळाला हात लावला. त्यांनाही ही बातमी तिथंच कळत होती.

विजयकुमारांनी हात वर केला. त्यांच्यामागे दुसरा, तिसरा, आणि बघता बघता सगळी सभा हात वर करून बसली. खलास! नियम मंजूर. पुढे सरकारी परवानगीही आली.

पहिल्या दुपारी बाईंनी हजेरी घ्यायला सुरुवात केली. कैवल्यचं नाव घेताच पोरगं ताडकन उठलं आणि "प्रेझेंट, मिस!" असं काही ओरडलं की शेजारच्या वर्गातून नमिता धावत आली. मुलं खो खो हसली.

बाई हसल्या नाहीत. वर्षभर या पोराचं नाव कुणी हजेरीत घेतलं नव्हतं. त्यांचा ऊर अभिमानानं भरून आला. ही शाळा आपण काढली, आपण!

त्यांनी वर्गाला गप्प केलं आणि कैवल्यचं नाव, आडनावासकट, पुन्हा एकदा मोठ्यानं घेतलं.