बेलवाले मास्तर आणि सहा बटणं

सर्व संबंधितांस अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, मास्तरांच्या फोनमधलं बिघडलेलं ॲप आजवर दुरुस्त केलेलं नाही आणि यापुढेही केलं जाणार नाही. बिघाड माझा आहे. मला त्याचा अभिमान आहे.

मास्तर कोथरूडला आपल्या घरी आम्हा पन्नाशीतल्या चौघांना मोबाइलची ॲप्स बनवायला शिकवत. दारावर बेल एकच, खाली पाटी: 'एकदा: घर. दोनदा: क्लास. तीनदा: विक्रेते. दार उघडणार नाही.' हाच आमचा पहिला धडा. "बेलला काही कळत नसतं, रावसाहेब. ती कुणासाठी वाजली, हा निरोप सोबत द्यावा लागतो. बटणाचंही तेच. निरोपाशिवायचं बटण म्हणजे नुसता गोंगाट." मी एकदा चुकून तीनदा वाजवली. पाऊण तास पायरीवर बसलो. मास्तर खिडकीतून माझ्याकडे बघत शांतपणे इतरांना शिकवत होते.

काकूंना, म्हणजे त्यांच्या पत्नीला, अर्धांगवायूचा झटका आला आणि वाचा गेली, तेव्हा मास्तर प्रथमच हळू आवाजात बोलले. "दिवसभर खुणा करते हो ती. मला एक कळेल तर शपथ. काहीतरी करा. माझं डोकं चालत नाही."

मी सहा बटणांचं ॲप केलं: पाणी, चहा, औषध, पंखा, उशी, नको. बटण दाबलं की फोन तो शब्द मोठ्याने म्हणणार. घाईत मी फक्त शेवटचं बटण तपासलं. उत्तम चाललं.

चार वाजता मास्तर कप घेऊन काकूंसमोर उभे राहिले. काकूंनी डाव्या हाताने 'चहा' दाबलं.

"नको," फोन म्हणाला.

"नको? चाळीस वर्षांत पहिल्यांदाच!" मास्तर चकित, काकू त्याहून चकित. त्यांनी पुन्हा दाबलं. "नको." पाणी दाबलं. "नको." औषध. "नको."

"रुसलीस का गं?"

काकूंनी चिडून उशी दाबली. "नको!"

मी फोन हिसकावून सगळी बटणं बडवली. खोलीभर नुसतं नको, नको, नको. चूक मला आठवड्याने उमगली. प्रत्येक बटणाला त्याचा त्याचा शब्द द्यायचा सोडून मी सहाही बटणांना एकच डबा दाखवला होता, आणि सगळे शब्द टाकून झाल्यावर त्या डब्यात उरला होता 'नको'.

मास्तरांना जाऊन आता दोन वर्षं होतील. तो फोन काकूंच्या उशाशी असतो. कधीकधी त्या 'चहा' दाबतात, उत्तर ऐकतात आणि एकट्याच हसतात.

त्या दिवशी मात्र हसण्यासारखं काही नव्हतं. "बरं, तुझी मर्जी," म्हणत मास्तरांनी पडेल चेहऱ्याने कप माझ्या हातात दिला. गोंधळलेला माणूस हातात आलेल्या कपाचं जे करतो, तेच मी केलं. तोंडाला लावला. आणि तीन महिने मुक्या असलेल्या काकू, ओठ वाकडे, पण आवाज थेट रस्त्यापर्यंत, ओरडल्या:

"अहो, माझा चहा!"